प्रश्नकर्त्याची परीक्षा

परीक्षा ह्या शब्दाची फोड 'परि' आणि 'ईक्षा' अशी करतात. परि म्हणजे सर्व बाजूंनीं, आणि ईक्षा म्हणजे पाहणें. एकाद्या वस्तूस चहूंकडून न्याहाळून तिची खरी किंमत ठरविणें ही ज्या क्रियेची मूळ कल्पना, ती क्रिया आज घरोघरीं केवळ उन्हाळ्याच्या तोंडाशीं येणारें एक संकट म्हणून ओळखली जाते, ह्यांत दोष त्या शब्दाचा खचित नाहीं. सोनार सोनें कसोटीवर घांसतो तेव्हां तो सोन्याविषयीं साशंक असतो. परंतु दगडाविषयीं त्याची पुरी खात्री असते. दगडच तेलकट असेल तर उत्तम सोन्याचा कसहि फिका दिसावयाचा, आणि पितळेची रेघहि डोळ्यांस फसवावयाची. आमच्या परीक्षांत मात्र सोन्याची घांसाघांस पुष्कळ होते, आणि दगडाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. ह्या दगडाविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि तेहि विश्वविद्यालयांच्या थोर परीक्षांना अनुलक्षून नव्हे, तर ज्यांची चर्चा मासिकांच्या पानांवर क्वचितच होते त्या कारागिरांच्या परीक्षांना अनुलक्षून.

भारत सरकारनें १९५० सालीं कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू केली, आणि १९५६ सालीं ह्या कामासाठीं एक राष्ट्रीय परिषद नेमली. जिल्ह्याजिल्ह्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ह्या मंडळींस तेथील मराठी कागदपत्रांत अनुक्रमें जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री आणि तारतंत्री अशीं भारदस्त नांवें आहेत. शिक्षणाच्या शेवटीं अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. तिच्या एका भागांत मुलास प्रत्यक्ष काम करून दाखवावें लागतें. दुसऱ्या भागांत त्या कामामागील ज्ञानाची लेखी पारख होते. लेखी म्हणावयाचें तें केवळ रूढीनें. कारण अलीकडे त्या भागांत लिहावयाचें कांहींच उरलेलें नाहीं. प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें दिलेलीं असतात, आणि त्यांतील योग्य तें उमेदवारानें संगणकाच्या पडद्यावर निवडावयाचें असतें.

आमचें वास्तव्य दाभोळास. वाशिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर हें गांव वसलेलें आहे. पंधराव्या शतकांत अफनासी निकितीन नांवाचा रशियन व्यापारी हिंदुस्थान पाहून स्वदेशीं परत निघाला तो ह्याच बंदरांतून. त्या काळीं येथें परदेशच्या घोड्यांचा मोठा व्यापार चाले. असें बंदर सुतार, लोहार, शिडें शिवणारे, आणि खाडीच्या मुखावरील वाळूचे दांडे ओळखणारे तांडेल ह्यांच्यावांचून एक दिवसहि चालावयाचें नाहीं. त्यांची परीक्षा कोण घेई? समुद्र घेई, आणि समुद्राची प्रश्नपत्रिका कधीं संदिग्ध नसे. आतां काळ पालटला. पलीकडील तीरावर अंजनवेलीस, परंतु नांव दाभोळचें घेऊन, जो वीजप्रकल्प १९९९ सालीं चालू झाला, २००१ सालीं बंद पडला, आणि पुढें दुसऱ्या कंपनीच्या हातीं पुन्हां सुरू झाला, त्याची धुराडीं पाहत वाढलेल्या आमच्या मुलांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. कारखान्याच्या फाटकावर हात दाखवून प्रवेश मिळत नाहीं. कागद दाखवावा लागतो. मुंबईस जा, पुण्यास जा, आखातांत जा, अगोदर कागद. कारखान्यांत राहून धंदा शिकणाऱ्या मुलास आपल्या भाषेंत शिकाऊ उमेदवार म्हणतात. त्या शब्दाच्या पोटांतच उमेद आहे, आणि ती उमेद ह्या प्रश्नांवर टांगलेली असते.

चार उत्तरांतून एक निवडण्याची ही पद्धति मूळची अमेरिकेंतील. कॅन्सस संस्थानांतील फ्रेडरिक केली ह्या अध्यापकानें १९१४ सालीं शिक्षकांच्या गुणदानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच उत्तरपत्रिकेस दोन शिक्षक किती निरनिराळे गुण देतात हें पाहून त्यानें पुढच्याच वर्षीं वाचनाची एक अशी परीक्षा रचिली कीं, तिच्यांतील प्रत्येक प्रश्नाचा अर्थ एकच व्हावा, आणि उत्तर एक तर पूर्ण बरोबर असावें अथवा पूर्ण चूक असावें. परीक्षकाच्या लहरीस त्यांत शिरावयास फट राहूं नये, हा त्याचा हेतु. आमच्या देशांत स्वातंत्र्यानंतर परीक्षासुधारणेचा विचार सुरू झाला तेव्हां शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम ह्यांस १९५७ च्या सुमारास बोलावण्यांत आलें, त्यांनीं ठिकठिकाणीं शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि १९५८ सालीं एक मध्यवर्ती परीक्षा-विभाग स्थापन झाला. म्हणजे ही पद्धति आमच्याकडे आली ती न्यायाची कैवारी म्हणून आली, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

कारागिरांच्या बाबतींत तर तिचा कैवार अधिकच शोभतो. ज्याचा हात कानशीवर किंवा शेगड्यावर बसलेला आहे त्याचा हात लेखणीवरहि बसलेला असावा असा आग्रह कां धरावा? वेल्डिंगचा सांधा कसा करावा ह्यावर ज्यास दोन पानें सुबक मराठींत लिहितां येतात, त्याचा सांधा टिकेलच असें नाहीं. आणि ज्याचा सांधा पन्नास वर्षें टिकेल त्यास कदाचित् दोन ओळीहि धड लिहितां यावयाच्या नाहींत. निबंधवजा प्रश्नानें पहिल्यास उचलून धरलें असतें व दुसऱ्यास खालीं पाडलें असतें. चार उत्तरांतून एक निवडावयास सांगणें ही त्या दुसऱ्यावर केलेली दयाच होय. परंतु ह्या दयेस एक अट आहे. परीक्षकाची लहर उत्तरें तपासतांना शिरत नाहीं, हें खरें. तथापि ती नाहींशी झालेली नसते. ती प्रश्न लिहिणाऱ्याच्या लेखणींत जाऊन बसते. पूर्वीं ती एका पेपरापुरती चुके. आतां ती एका वाक्यानें हजारों मुलांस एकदम चुकवूं शकते, आणि यंत्र गुण मोजीत असल्यामुळें तिच्यावर कोणी संशयहि घेत नाहीं.

हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. आम्हीं आयुष्यभर शाळेंत मराठी आणि गणित शिकविलें. वीज आणि यंत्रें ह्यांशीं आमचा संबंध दिवा लावण्यापुरता. आमच्या शेजारीं एक मुलगा राहतो. वडील मासेमारीच्या लाँचवर खलाशी. मुलाचा हात असा कीं, जेटीवर कोणाचें कांहीं अडलें म्हणजे प्रथम त्याला हांक पडते. वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम त्यानें पुरा केला, प्रत्यक्ष कामांत उत्तम गुण मिळविले, आणि लेखी भागांत दोन गुणांनीं तो मागें राहिला. एका कारखान्यांत उमेदवारीची जागा जवळ जवळ ठरलेली होती. ती दुसऱ्यास गेली. पुन्हां बसावयाचें म्हणून तो सरावाच्या प्रश्नांचें एक पुस्तक घेऊन संध्याकाळीं आमच्या पडवींत येऊं लागला. त्याचा समज असा कीं, आपलें मराठी कच्चें म्हणून आपण नापास झालों. गुरुजींनीं तें पक्कें करून द्यावें.

पहिल्याच आठवड्यांत एका प्रश्नावर आमची गाडी अडली. प्रश्न असा होता: 'विजेचा धक्का बसलेल्या मनुष्यास प्रथम काय कराल?' खालीं चार उत्तरें होतीं. मेन स्विच बंद करणें; कोरड्या लांकडानें त्यास तारेपासून दूर करणें; कृत्रिम श्वासोच्छ्वास देणें; डॉक्टरास बोलावणें. आम्हीं सहज म्हटलें कीं पहिलें उत्तर बरोबर असावें, आणि पुस्तकाच्या शेवटीं तेंच दिलेलेंहि होतें. मुलगा मात्र स्वस्थ बसला. थोड्या वेळानें म्हणाला, "गुरुजी, माणूस अजून तारेला चिकटलेला आहे कीं सुटलाय, हें कुठं सांगितलंय? आणि मेन स्विच जवळ आहे कीं लांब?"

आम्ही गप्प झालों. स्विच हाताशीं असेल तर तो बंद करावा. तो दूर असेल तर तेथवर धांवण्यांत वेळ न दवडतां कोरड्या लांकडानें मनुष्यास सोडवावें. तो आधींच सुटून पडला असेल व त्याचा श्वास बंद असेल तर श्वासोच्छ्वास सुरू करावा. आणि श्वास चालू असेल तर डॉक्टर आणावा. चारी उत्तरें आपापल्या प्रसंगीं खरीं होतीं. प्रसंग तेवढा प्रश्नांत नव्हता. ज्यानें पुस्तकांतील वाक्य पाठ केलेलें त्यास हा प्रश्न अगदीं सोपा, आणि ज्यानें ओलसर भिंतीशीं एकादा खरोखरचा अपघात पाहिलेला त्यास तो अवघड. ज्या प्रश्नांत अधिक जाणणारा अधिक अडतो, तो प्रश्न ज्ञानाची परीक्षा करीत नाहीं. तो ज्ञानास दंड करतो. मुलाचें मराठी कच्चें नव्हतें. उलट, तो प्रश्न त्यानें प्रश्नकर्त्यापेक्षां अधिक काळजीनें वाचला होता.

मग आम्हीं दोघांनीं मिळून तोच प्रश्न नव्यानें लिहिला. 'एक मनुष्य उघड्या तारेस चिकटलेला आहे. त्याच खोलींतील मेन स्विच तुमच्या हाताच्या अंतरावर आहे. तुम्ही प्रथम काय कराल?' उत्तरें तींच ठेवलीं. दोन वाक्यें वाढलीं, परंतु आतां जाणत्यास शंकेस जागा राहिली नाहीं, आणि नेणत्यास अंदाजाचा आधारहि राहिला नाहीं. प्रश्नांतील सर्व अडचण धंद्याची असावी, भाषेची किंवा तर्काची नसावी, हा एवढाच नियम आम्हांस त्या संध्याकाळीं सांपडला. आणि पुढें जें जें सुचलें तें सर्व ह्या एका नियमाचाच विस्तार होय.

हळूहळू आणखी चार मुलें येऊं लागलीं. त्यांत जोडारी शिकणारी एक मुलगीहि होती. तयार प्रश्न सोडविण्यापेक्षां ते दुरुस्त करण्यांत आणि नवे रचण्यांत त्यांचा अभ्यास अधिक होतो असें आम्हांस दिसून आलें. परंतु लौकरच एक नवी अडचण उभी राहिली. प्रश्न सुचे, त्याचें खरें उत्तरहि सुचे. तीन खोटीं उत्तरें मात्र सुचत ना. आम्ही आपल्या डोक्यानें जीं खोटीं उत्तरें घालूं तीं पाहून मुलें हंसत. चार उत्तरांपैकीं दोन जर उघड हास्यास्पद असतील, तर प्रश्न चौघांतून एक निवडण्याचा राहत नाहीं, दोघांतून एक निवडण्याचा होतो. चाळीस प्रश्नांची पत्रिका डोळे मिटून सोडविणाऱ्यास सरासरीनें दहा गुण पडावयाचे. प्रत्येक प्रश्नांत दोन उत्तरें टाकाऊ असतील तर त्याच आंधळ्या हातास वीस पडतील. म्हणजे निष्काळजीपणानें लिहिलेल्या तीन ओळी अडाण्यास दहा गुण दान करतात, आणि तें दान कष्ट करणाऱ्याच्या हिश्शांतून जातें.

ही अडचण सोडविली ती गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं. आम्ही सर्व त्यांस चाचा म्हणतों. चाळीस वर्षें त्यांनीं लाँचांचीं डिझेल इंजिनें दुरुस्त केलीं, आणि स्वतः एकहि परीक्षा दिली नाहीं. आमचा उद्योग पाहून ते म्हणाले, "गुरुजी, बरोबर उत्तर एकच असतं, तें तुम्हांला पुस्तकांत मिळेल. चुका माझ्याकडं आहेत, चाळीस वर्षांच्या."

ह्या एका वाक्यांत ह्या विद्येचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. चुकीचें उत्तर कल्पनेनें रचावयाचें नसतें. तें कामाच्या जागेवरून वेंचून आणावयाचें असतें. आमच्या पुस्तकांत एक प्रश्न होता: 'डिझेल इंजिन सुरू होत नाहीं. कारण काय?' चाचा म्हणाले कीं ह्यास पन्नास कारणें असूं शकतील, आणि मग त्यांनीं आपल्या अनुभवांतला प्रसंग घातला. टाकींतलें तेल संपून इंजिन समुद्रांत बंद पडलें. टाकी भरली. इंजिन फिरतें, पण पेट घेत नाहीं. प्रथम काय पाहाल? उत्तर हें कीं, तेलाच्या नळींत हवा शिरली आहे, ती काढावी. खोटीं उत्तरें त्यांनीं एकामागून एक सांगितलीं. एक नवशिका व्हॉल्व्हचें अंतर मोजूं लागतो. कारण नुकतेंच शिकलेलें काम त्यास करून पाहावयाचें असतें. दुसरा तेलाचा पंपच उतरवून ठेवतो. कारण मोठ्या बिघाडास मोठें कारण असलें पाहिजे अशी त्याची समजूत. तिसरा स्पार्क प्लग शोधूं लागतो. कारण तो मोटारसायकली दुरुस्त करून आलेला, आणि डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतोच हें त्यास ठाऊक नाहीं. ह्या तिन्ही चुका खऱ्या मुलांनीं खऱ्या इंजिनांवर केलेल्या होत्या. त्यामुळें न जाणणाऱ्या मुलास प्रत्येक उत्तर आपलेंसें वाटे, आणि त्यानें कोणतें निवडलें त्यावरून त्यास काय शिकवावयाचें राहिलें आहे हेंहि कळे. हंसें करणारें खोटें उत्तर कांहींच सांगत नाहीं. खरी चूक शिक्षकास मुलाच्या मनांत डोकावूं देते.

गणिताच्या प्रश्नांतहि हेंच. 'व्हर्नियर कॅलिपरचें लीस्ट काउंट किती?' असें नुसतें विचारलें तर कोणत्या कॅलिपरचें, असा उलट प्रश्न येतो; कारण तें मापन्याच्या आंखणीवर अवलंबून असतें. त्या मुलीनें तो असा लिहिला: मुख्य पट्टीचा एक भाग १ मिलिमीटरचा आहे; व्हर्नियरचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ भागांएवढे आहेत; तर लीस्ट काउंट किती मिलिमीटर? उत्तर ०.०२. खोटीं उत्तरें ०.९८, ०.०५ आणि ०.२. ४९ ला ५० नें भागून जो थांबतो, आणि तें एकांतून वजा करावयाचें विसरतो, त्याचें ०.९८ येतें. जो वीस भागांच्या मापन्याचा आंकडा पाठ करून आला तो ०.०५ म्हणतो. दशांशाचें टिंब ज्याचें चळतें त्याचें ०.२ होतें. प्रत्येक चुकीस स्वतःचा मार्ग आहे, आणि तो मार्ग ठाऊक असल्यावांचून तें उत्तर लिहितां येत नाहीं. अशा तीन खऱ्या चुका मिळाल्या नाहींत तर दोनच घालाव्या, चौथें उत्तर भरतीसाठीं बसवूं नये. मायकेल रॉड्रिग्ज ह्या अमेरिकन अभ्यासकानें ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेऊन २००५ सालीं असेंच मत दिलें आहे कीं, तीन उत्तरांचा प्रश्न बहुतेक ठिकाणीं पुरेसा होतो.

कांहीं प्रश्न आपलें उत्तर स्वतःच बोलून टाकतात. 'डिझेल इंजिनाचा शोध कोणीं लावला?' ह्या प्रश्नाखालीं रुडॉल्फ डिझेल हें नांव पाहून आम्हांस हंसूं आवरलें नाहीं. आणि तें ठाऊक नसलें म्हणून कोणाचें इंजिन बंद राहिल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. दुसरें उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तीन पिनांच्या प्लगांत अर्थिंगची पिन लांब कां असते? खरें उत्तर छापलें होतें तें असें: 'प्लग घालतांना अर्थिंगची जोडणी इतर दोन पिनांच्या आधीं व्हावी आणि काढतांना ती सर्वांच्या शेवटीं सुटावी म्हणून.' बाकीचीं उत्तरें तीन तीन शब्दांचीं. प्रश्नकर्त्यास आपलें खरें उत्तर बिनचूक असावें अशी स्वाभाविकपणेंच काळजी असते, म्हणून तो त्यास सर्व विशेषणें घालतो. खोट्यास कोण सजवितो? हुशार मुलास हें एका आठवड्यांत समजतें, आणि मग तो प्रश्न न वाचतांच सर्वांत लांब उत्तरावर बोट ठेवतो. आम्हीं चारी उत्तरें एका मापाचीं केलीं: 'अर्थिंग आधीं जोडलें जावें म्हणून', 'प्लग घट्ट बसावा म्हणून', 'जास्त प्रवाह वाहावा म्हणून', 'पिन लवकर झिजूं नये म्हणून'.

मराठींत आणखी एक चोरवाट आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सांगितलेली आढळत नाहीं. कारण त्या भाषेंत ती नाहीं. 'धातूचा जास्तीचा भाग तोडण्यासाठीं हातोड्याखालीं धरली जाणारी वस्तु कोणती?' असें विचारलें तर चालतें. परंतु 'हातोड्याखालीं धरली जाते ती...' असें अर्धें वाक्य टाकून खालीं शेगडा, गुण्या, छिन्नी, खिळा अशीं उत्तरें दिलीं, तर चौघांत स्त्रीलिंगी एकटी छिन्नी. कारखाना कधीं न पाहिलेला मनुष्यहि व्याकरणाच्या बळावर तेथें पास होईल. आम्हीं आयुष्यभर लिंग-वचन शिकविलें; त्याचा उपयोग चोर पकडण्यास होईल असें स्वप्नांतहि नव्हतें.

भाषेचा विषय निघालाच आहे तर त्याविषयीं थोडें स्पष्ट लिहिलें पाहिजे. सुशिक्षितांची एक समजूत अशी असते कीं, परीक्षेची भाषा भारदस्त असावी. 'वाहकाभोंवतालच्या विद्युत्‌रोधक आवरणाच्या अपक्षयास कारणीभूत होणारा घटक कोणता?' ह्या वाक्यांत विजेपेक्षां संस्कृताचीच परीक्षा अधिक होते. 'तारेवरचें इन्सुलेशन कशानें खराब होतें?' असें विचारल्यानें शास्त्राची प्रतिष्ठा तिळमात्र कमी होत नाहीं. ज्या हत्याराचें नांव कामावर शेगडा आहे त्यास शेगडा म्हणावें. जें केवळ टेस्टर म्हणून ओळखलें जातें त्यास टेस्टर म्हणावें. इंग्रजी प्रश्नांवरून मराठी प्रश्न करतांना तर दुप्पट सावध राहिलें पाहिजे. शेगड्यास इंग्रजींत जो शब्द आहे त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दुर्गुण असा होतो. कोश घेऊन बसणाऱ्या भाषांतरकारानें जर कधीं कारखान्याचें तोंड पाहिलें नसेल, तर तो मुलास दुर्गुणांत लोखंड घट्ट धरावयास सांगेल! त्याचप्रमाणें 'खालीलपैकीं कोणतें विधान चुकीचें नाहीं?' असल्या दुहेरी नकारांनीं तर्कशास्त्राची हौस भागत असेल. परंतु ज्यास उद्यां खांबावर चढावयाचें आहे त्यास स्वच्छ होकारार्थी वाक्यांत विचारावें हें बरें.

येथें कोणी सुज्ञ वाचक म्हणतील कीं, एवढें सगळें करूनहि हात तो हातच. चार उत्तरांतून एक निवडणाऱ्यास तार जोडतां येईल कशावरून? त्यांचें म्हणणें अगदीं रास्त आहे. कानशीच्या घांसण्यांतील समतोल, वेल्डिंगच्या रेघेची एकसारखी चाल, इंजिनाचा आवाज ऐकून त्याचें दुखणें ओळखणारा कान, ह्यांस कोणत्याहि प्रश्नानें पकडतां येत नाहीं. म्हणूनच प्रत्यक्ष कामाचा भाग वेगळा ठेवलेला आहे, आणि तो कधीं कमी होऊं नये. परंतु हाताच्या आधीं एक निर्णय असतो. स्विच बंद केल्यावर तार खरोखर मेली आहे कीं नाहीं हें तपासल्याशिवाय तिला हात लावावा कीं नाहीं, हा निर्णय हाताचा नव्हे, मनाचा. आणि त्याची परीक्षा चांगल्या प्रश्नानें उत्तम होते. प्रश्नानें आपली मर्यादा ओळखून त्या निर्णयापाशीं उभें राहावें, एवढेंच आमचें सांगणें.

प्रश्न चांगला उतरला कीं नाहीं हें ओळखण्याची एक साधी रीत आहे, आणि परीक्षाशास्त्र्यांनीं ती फार पूर्वींच सांगून ठेविली आहे. सर्व परीक्षेंत जीं मुलें वरच्या रांगेंत आलीं तीं त्या प्रश्नांत काय करतात, आणि जीं खालच्या रांगेंत आलीं तीं काय करतात, हें ताडून पाहावें. जाणतीं मुलें चुकतात आणि नेणतीं बरोबर येतात असें दिसलें तर मुलांस सोडून प्रश्नास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें. आमच्या पडवींतील पांच मुलांवर असलें गणित चालत नाहीं; परंतु तेथें दुसरा उपाय हाताशीं होता. जो चुके त्यास आम्ही 'हेंच उत्तर कां निवडलें?' असें विचारीत असूं. त्याचें कारण ऐकून पुष्कळदां मुलाची समजूत दुरुस्त करावी लागे, आणि पुष्कळदां आमचें वाक्य.

तो शेजारचा मुलगा पुढील खेपेस उत्तीर्ण झाला. त्याचें श्रेय आमच्या प्रश्नांकडे नाहीं. हात त्याचा होता आणि अक्कलहि त्याचीच होती. परंतु गेलेलें वर्ष परत आलें नाहीं, आणि दुसऱ्यास मिळालेली ती जागाहि रिकामी झाली नाहीं. खलाशाच्या घरीं एका वर्षाची कमाई म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं महिन्याचा पगार नियमानें येतो त्यांस कदाचित् समजून सांगावें लागेल. दोन गुण ही गोष्ट क्षुल्लक खरी; तथापि एका संदिग्ध वाक्यास दोन गुण असूं शकतात.

असो. ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांचीं मुलें जोडारी किंवा तारतंत्री होतील, हें आम्ही जाणून आहों. पण त्या सर्वांच्या न्हाणीघरांत गिझर आहे, आणि त्याची तार कोणीतरी जोडलेली आहे. ती जोडणाऱ्यास कोणते प्रश्न विचारले गेले होते, आणि ते जाणत्यास पुढें आणणारे होते कीं अंदाज करणाऱ्यास, ही चौकशी म्हणूनच परक्याची नव्हे. आमच्यांतील ज्यांस भाषा येते त्यांस बहुधा यंत्र येत नाहीं, आणि ज्यांस यंत्र येतें त्यांस कोणी लिहावयास बसवीत नाहीं. पेन्शन घेऊन घरीं बसलेले शिक्षक, इंजिनियर आणि कारकून गांवोगांव आहेत. आणि ज्यांच्यापाशीं चाळीस वर्षांच्या चुका जपून ठेवलेल्या आहेत असे मिस्त्रीहि गांवोगांव आहेत. ह्या दोघांनीं एका पडवींत बसून वर्षाकांठीं दहा निर्दोष प्रश्न लिहिले आणि जवळच्या प्रशिक्षण संस्थेच्या शिक्षकांच्या स्वाधीन केले, तरी पुष्कळ होईल. काम लहान आहे, त्यास कीर्ति नाहीं, आणि त्याखालीं कोणाची सहीहि राहत नाहीं. परंतु दूर कोठेंतरी परीक्षेच्या खोलींत बसलेला एक उमेदवार तें वाक्य वाचतो, त्यास जें येतें तेंच आपणांस विचारलें आहे असें त्यास दिसतें, आणि तो न घुटमळतां उत्तर देतो. एवढ्यासाठीं संध्याकाळचा तास-दोन तास खर्च करावयास हरकत नसावी.